पहिली फाइल देवाची

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत गुरांचा खुराक बनवणारी एक कंपनी होती आणि त्या कंपनीत जोतीराम खारतोडे नावाचा एक माणूस होता. या दोघांपैकी सोलापूर-पुणे रस्त्यावर नाव कुणाचं मोठं, असं एखाद्या एस.टी. कंडक्टरला विचारलं असतं, तर त्यानं कंपनीचा विचारसुद्धा केला नसता. आठवड्यातून दोनदा जोतीराम कंपनीची फ्लॉपी घेऊन पुण्याला जायचा, आणि ज्या थाटात जायचा तो थाट आमदारकीचा अर्ज भरायला निघालेल्यालाही जमला नसता.

फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी काळी चौकोनी वडी. पण तिच्या पोटात अख्खं गोदाम असायचं. मका किती आला, सरकीची पेंड किती उरली, मळीची टाकी कुठवर उतरली, कुठल्या गावच्या दूध सोसायटीला किती पोती पाहिजेत, सगळं. पुण्याच्या हेड ऑफिसात ती पोचली की तिथली माणसं दुसऱ्या दिवशीच्या ट्रका ठरवायची. जोतीरामला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की हिला ऊन लागू द्यायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही आणि लोहचुंबक जवळ येऊ द्यायचं नाही. ऊन आणि पाणी त्याला कळलं. एस.टी.त लोहचुंबक कुणाच्या खिशात असतं हे मात्र कळायला मार्ग नव्हता, म्हणून तो सगळ्यांनाच लांब ठेवायचा. धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली फ्लॉपी डब्याच्या वरच्या पुडात, भाकरी आणि ठेचा खालच्या पुडात, आणि डबा मांडीवर. शेजारच्याचं कोपर चुकून डब्याला लागलं तर जोतीराम शांतपणे म्हणायचा, "पावनं, जरा बेतानं. आत कंपनी हाय."

यवतला गाडी थांबली की बाकीचे चहाला उतरायचे. जोतीराम उतरायचा नाही. त्याचा चहा खिडकीतून वर यायचा. चहावाला पोटातून हाक मारायचा, "कंपनीचा च्या!" आणि सगळी एस.टी. माना वळवून पाहायची. जोतीराम मात्र बाहेर बघत कप तोंडाला लावायचा, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

हा मान त्याला फुकट मिळाला नव्हता. जोतीराम मूळचा कळसचा, घर धनगराचं. त्याच्या वडिलांचं, आबांचं, मेंढरांचं खांड होतं आणि दिवाळी उरकली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ते कोकणाकडे निघायचे. चालायला लागल्यापासून जोतीराम त्या खांडाबरोबर चालला. आबांची एक शिकवण होती. मेंढरांच्या पुढं चालणाऱ्यानं सारखं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की आपण थांबतो, आपण थांबलो की पुढची मेंढरं थांबतात आणि मागची त्यांच्यावर चढतात. मागचं सगळं कानांनी बघायचं. खुरांचा आवाज, घंटीचा आवाज, एखाद्या म्हाताऱ्या मेंढीचं खोकणं, हे सगळं पाठीमागून येत राहिलं तर खांड ठीक आहे. गप्प झालं तर काहीतरी घोटाळा आहे. पुढं रानं उसाखाली गेली, चराईला जागा उरली नाही, मेंढरं विकली गेली, आबाही गेले. जोतीरामच्या हाती थोडी शेती राहिली आणि डोक्यात कान तेवढे शाबूत राहिले.

त्याच्या घराची कळसमध्ये एक ठरलेली थट्टा होती. त्याच्या आईचं नाव बानूबाई आणि बायकोचं नाव म्हाळसा. खंडोबाच्या दोन्ही बायका एकाच छपराखाली, त्याही सासू-सून म्हणून, असं दुसरं घर तालुक्यात नव्हतं. "देवाला जे झेपलं न्हाय ते जोतीराम रोज झेपवतोय," असं पारावर म्हणायचे. खरं तर दोघींचं बरं चाललं होतं. दोघी मिळून जोतीरामलाच धारेवर धरायच्या.

कंपनीत तो लागला तेव्हा भरडाखात्यात लागला. तिथं मका आणि पेंड दळली जाते आणि दळलेल्याचा निम्मा धुरळा पोत्यात, निम्मा माणसांच्या छातीत जातो. थोड्याच वर्षांत जोतीरामची छाती रात्रीची पिपाणीसारखी वाजायला लागली. चार पावलं चढावर गेला तरी थांबायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "धुरळा सोडा, नाहीतर धुरळा तुम्हाला सोडणार नाही." मॅनेजर नागेशराव काटे हे काही दगडाचे नव्हते. शिवाय पोतं उचलता उचलता खोकणारा माणूस आल्यागेल्या पाहुण्यांना बरा दिसत नाही. त्यांनी जोतीरामला फ्लॉपीवर घातलं. दोन पावसाळ्यांत पिपाणी थांबली.

आणि मग अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या ऑफिसानं सर्व्हर घेतला.

सर्व्हर म्हणजे एक संगणकच, पण तो कधी बंद करायचा नाही. आपल्या ऑफिसातल्या संगणकावरून फोनच्या तारेनं त्याला गाठायचं आणि फाइल त्याच्या हवाली करायची. मध्ये मोडेम नावाची एक डबी असते, ती संगणकाचं बोलणं तारेवर घालते आणि तारेवरचं बोलणं संगणकाला सांगते. एस.टी. नको, डबा नको, यवतचा चहा नको. रोज दुपारी चार वाजता फाइल पाठवायची, साडेचारच्या आत पुण्यात हजर.

हे ऐकून जोतीरामनं विचारलं, "मग तिच्या संगट कोन जानार?"

"कुणीच न्हाय. ती एकटी जाती," नागेशराव म्हणाले.

जोतीरामला हे पटलं नाही, पण पुण्याचा हुकूम होता. फ्लॉपीची फेरी बंद. आता प्रश्न आला, लोणी देवकरच्या संगणकावर बसणार कोण. नागेशरावांनी आपलं वय पुढं केलं, वास्तविक ते जोतीरामपेक्षा एका वर्षानं लहान होते. शेवटी फायलींशी ज्याचा घरोबा आहे त्यालाच बसवावं असं ठरलं. पुण्यानं फोनवर सांगितलं, "महिनाभर बघू. जमलं तर खारतोडे ऑपरेटर. नाही जमलं तर आम्ही इकडून माणूस पाठवतो."

"आन मग जोतीराम?" नागेशरावांनी विचारलं.

"आधी कुठे होते?"

"भरड्यात."

"मग तिथेच."

नागेशरावांनी हे जोतीरामला जसंच्या तसं सांगितलं.  जोतीरामनं छातीवर हात ठेवून एक मोठा श्वास घेऊन बघितला, आत जातो का ते.

शिकायला त्याला दोन दिवस बारामतीच्या संगणकाच्या क्लासात पाठवलं. रात्री कन्हेरीला बहिणीकडे, गोजरबाईकडे, मुक्काम. मास्तरांनी त्याला सांगितलं, की पडद्यावर पाच-सहा इंग्रजी शब्द ठरल्या क्रमानं लिहायचे. आधी ओपन, मग नाव, मग परवलीचा शब्द, मग बिन, मग पुट आणि फाइलचं नाव, शेवटी बाय. जोतीराम जेवताना, आंघोळ करताना, बहिणीच्या शेतात पाणी धरताना हेच पुटपुटत होता. गोजरबाईला वाटलं भावानं कुठल्या तरी नव्या देवाचा जप घेतला. तिनं त्याला कांदा वाढला नाही.

मास्तरांनी निघताना एक गोष्ट बजावली. "फाइल जात असेल तोवर त्या लाइनवरून फोन लावायचा नाही. काय?"

"न्हाय लावायचा," जोतीराम म्हणाला, आणि त्यानं तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

पहिल्या दिवशी ऑफिसात अख्खा कारखाना जमला. जोतीराम चाकांच्या खुर्चीवर बसला होता आणि खुर्ची मागं सरकू नये म्हणून त्यानं टेबलाचा पाय दोन पायांत धरला होता. त्यानं मोडेम चालू केला. डबीनं नंबर फिरवला, मग कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरावं तसा कालवा केला, किंचाळली, घरघरली, आणि एकदम गप्प झाली. याचा अर्थ पुण्याचा सर्व्हर भेटला. जोतीरामनं एकेक शब्द लिहिला. पुट लिहून बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही. सगळे श्वास धरून उभे. बऱ्याच वेळानं पडद्यावर एक ओळ उमटली, काम पूर्ण झाल्याची. पुण्याहून वैष्णवी मॅडमचा फोन आला, "मिळाली." ही वैष्णवी म्हणजे पुण्याच्या सर्व्हरची सगळी व्यवस्था बघणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. नागेशरावांनी पेढे मागवले.

दुसऱ्या दिवशी बघायला कुणी आलं नाही. चार वाजता नागेशराव रोजच्यासारखे गोदामाच्या फेरीवर गेले. जोतीराम एकटा. डबी ओरडली, गप्प झाली, पुट झालं. पुढं शांतता.

ही शांतता जोतीरामला सोसेना. एवढा सगळा माल, मका, पेंड, मळी, ते तारेवरून निघालंय आणि त्याचा काही आवाज नाही. डबी सुरुवातीला एवढी बोंबलत होती, ती निघाल्यावर एकदम मुकी का? कुठं अडकली? भिगवण तरी ओलांडलं का? पडद्याकडे कितीही बघा, पडदा म्हणजे भिंत. त्याचे डोळे फाइलवर होते, पण जोतीरामच्या घराण्यात डोळ्यांवर कुणी भरवसा ठेवला नव्हता.

नागेशरावांच्या टेबलावर फोन होता. तोच फोन, तीच तार, मोडेमही त्याच तारेवर. जोतीराम हळूच उठला आणि त्यानं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत खर्र, सूं, खर्र असा आवाज चालला होता, लांबून खांड उतरत असल्यासारखा. त्याचा जीव खाली बसला. चाललीय. त्यानं रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला.

फाइल चालू असताना त्या तारेवरचा रिसीव्हर नुसता उचलला तरी मोडेमचं बोलणं विस्कटतं आणि दोन्हीकडचे संगणक एकमेकांचा हात सोडून देतात. मास्तरांच्या म्हणण्यात हे सगळं आलं होतं. पण त्यांनी म्हटलं होतं फोन लावायचा नाही, आणि जोतीरामनं फोन लावला नव्हता. तो फक्त ऐकत होता.

जोड तुटली. जोतीराम धावत गोदामात गेला. "साहेब, मेली."

नागेशराव आले, खुर्चीच्या मागं उभे राहिले. जोतीरामनं पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. साहेब मागं उभे असताना साहेबांच्या टेबलावरच्या फोनला हात लावायची काय बिशाद. घामाघूम होऊन तो पडद्याकडे बघत बसला आणि फाइल सुखरूप पोचली.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही तेच. पहिल्यांदा पाठवली की तुटते, साहेब येतात, दुसऱ्यांदा पाठवली की जाते. नागेशरावांनी टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं. तो खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, "तार चांगली हाय. तुमच्या डबीलाच काय तरी झालंय." डबीवाल्यानं सांगितलं, डबी चांगली आहे, तारच खराब असणार. दोघांनी चहा घेतला आणि निघून गेले.

जोतीरामनं हे घरी सांगितलं. बानूबाई भाकरी थापत होती. "नवी म्हस आनली की पयल्या धारंचं दूध कुनाला देता?" तिनं विचारलं.

"देवाला."

"आन ह्या डबीचं पयलं कुनाला दिलं?"



"साह्यबाला पेढं चारलं," म्हाळसा चुलीजवळून म्हणाली. "देव काय येडा हाय व्हय, बघत बसायला?"

दुसऱ्या दिवशी जोतीरामनं भीत भीत हे नागेशरावांच्या कानावर घातलं. नागेशराव बी.कॉम. झालेले होते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "जोतीराम, हिशोबाला बरोबर बसतंय. रोज पयलीच तुटती. दुसरी कधी तुटलीय का? न्हाय. म्हंजी पयली आपली न्हवंच."

तेव्हापासून लोणी देवकरच्या ऑफिसात रोज दोन फायली जायला लागल्या. जुन्या एका फाइलची नक्कल करून तिला इंग्रजी अक्षरांत देव असं नाव दिलं. चार वाजता आधी देवाची फाइल निघायची. नागेशराव फेरीवर असायचे, जोतीराम रिसीव्हर उचलून ती कुठवर गेली ते ऐकायचा, आणि ती तुटायची. तुटली की जोतीराम दारात येऊन सांगायचा, "देवाची गेली." मग नागेशराव यायचे, चपला काढून खुर्चीमागं हात जोडून उभे राहायचे आणि खरी फाइल बिनतक्रार पुण्याला पोचायची. नागेशरावांना त्यात इतकी गोडी लागली की ते गुरुवारी संगणकाला उदबत्ती ओवाळायचे. धूर आत जाऊ नये म्हणून जोतीराम पडद्यावर पंचा टाकायचा.

महिना संपायला आठवडा राहिला आणि वैष्णवी मॅडमचा फोन आला.

"खारतोडे, सर्व्हरवर रोज ही देव नावाची फाइल कुठून येते?"

"हितनंच येती, मॅडम."

"कसली आहे?"

"देवाची."

"कुठल्या देवाची?"

"आमच्या खंडोबाची."

 मग तिनं विचारलं, "आणि ती रोज अर्धीच का येते?"

"त्यो त्याला लागंल तेवढीच घेतो."

वैष्णवीनं सांगितलं, की ही फाइल आजपासून बंद. सर्व्हरवर जागा कमी आहे. आणि सोमवारपासून पुण्यात नवी पद्धत. आलेली फाइल माणूस बघणार नाही, आली की यंत्रच ती वाचून ट्रकांची यादी काढणार. तेव्हा एकच फाइल, एकदाच आणि पूर्ण.

सोमवारी चार वाजता खरी फाइल निघाली. नागेशराव फेरीवर गेले, कारण आता पहिली देवाची नसून आपली आहे हे सवयीनं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जोतीरामच्या ध्यानात होतं. म्हणूनच त्याचा जीव जास्त वरखाली झाला आणि त्यानं रिसीव्हर जास्त वेळ कानाला लावला. फाइल मध्येच तुटली. पुन्हा पाठवली, पण तोवर पुण्याच्या यंत्रानं अर्धी फाइल वाचून यादी काढलीसुद्धा होती. मंगळवारी वरच्या सोसायट्यांना खुराक मिळाला आणि यादीत खाली असलेल्या सोसायट्यांच्या म्हशी उपाशी राहिल्या. त्यांच्या चेअरमनांनी नागेशरावांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुण्यानं एवढंच सांगितलं, "वैष्णवी शुक्रवारी येऊन बघेल. तिच्या समोर जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या आठवड्यात आमचा माणूस."

त्या रात्री जोतीराम जेवला नाही. "भरड्यात धाडत्यात काय?" म्हाळसानं विचारलं. तिनं त्याची पिपाणी वर्षानुवर्षं उशाशी ऐकली होती.

"शुक्रवारी कळंल."

शुक्रवारी वैष्णवी एस.टी.नं आली. अंगानं बारीक, खांद्याला मोठी पिशवी, आणि उन्हानं तोंड लाल झालेलं. तिनं तार बघितली, डबी बघितली, जोतीरामला शब्द लिहायला लावले. सगळं बरोबर. मग ती आणि नागेशराव दोघंही मागं उभी राहिली आणि जोतीरामनं फाइल पाठवली. पहिल्या खेपेला, अख्खी, काही न होता गेली.

"झालं की," ती म्हणाली. "मग रोज काय होतं?"

"रोज आमचा देव असतो," नागेशराव म्हणाले. "आज तुमी हाय."

तिनं जोतीरामला तीच फाइल आणखी एकदा पाठवायला सांगितली आणि तोवर नागेशरावांबरोबर भरडाखातं बघायला गेली. आत पाऊल टाकल्याबरोबर ती जी शिंकायला लागली ती थांबेचना. रुमाल पिशवीत होता आणि पिशवी ऑफिसात. नाक धरून ती परत आली.

ऑफिसात जोतीराम नागेशरावांच्या टेबलाशी डोळे मिटून उभा होता. रिसीव्हर कानाला, चेहऱ्यावर समाधान.

"खारतोडे, कुणाशी बोलताय?"

त्यानं डोळे उघडले. "कुनाशी न्हाय, मॅडम."

"मग कानाला काय आहे?"

"ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"चालली हाय का, ते."

वैष्णवीनं पडद्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत तिथं जोड तुटल्याची ओळ उमटली.

"थांबली," ती म्हणाली.

"आत्ता तर चालली व्हती की."

"तुम्ही उचललात म्हणून थांबली. रोज उचलता?"

"नुसता ऐकतो, मॅडम. लावत कदी न्हाय."

नागेशराव दारात येऊन उभे होते. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग ते हळूहळू लाल होत गेले. "म्हंजी देवाची फाइल तू मारीत होतास? आन मी महिनाभर चपला काढून हात जोडून उभा ऱ्हायलो, ते कुणापुढं?"

"पर तुमी उभं ऱ्हायलात म्हनूनच दुसरी जात व्हती, साहेब," जोतीराम म्हणाला. "तुमी म्होरं असला की मी फोनला हात लावीत न्हवतो."

हे आपलं कौतुक आहे की काय, ते नागेशरावांना ठरवता येईना.

जोतीरामला आता बाकीचं सांगायची गरज नव्हती. त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, चाकांची खुर्ची टेबलाखाली ढकलली, खुंटीवरचा पंचा घेतला आणि तो भरडाखात्याच्या दिशेनं दोन पावलं चालला. भरडाखात्यात नाकाला बांधायला पंचा लागतो.

"कुठे निघालात?" वैष्णवीनं विचारलं. "बसा आधी. ऐकायचं काय असतं तुम्हाला?"

त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. मेंढरं मागं असली की बघायचं नसतं, ऐकायचं असतं. गप्प झाली की समजायचं, गेली. ही डबी सुरुवातीला वरडती आन मग गप्प हुती. मग मानसानं काय समजायचं?

वैष्णवीनं रुमालानं नाक पुसलं आणि विचार केला. हा विचार फार उदात्त नव्हता. जोतीरामला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. लोणी देवकरला पुण्याहून जो माणूस पाठवायचा होता, तो माणूस म्हणजे ती स्वतः. तिच्या साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. आणि भरडाखातं तिनं नुकतंच नाकानं पाहिलं होतं.

तिनं खुर्ची बाहेर ओढली, मोडेमच्या सूचनांत एक छोटी ओळ घातली आणि जोतीरामला म्हणाली, "आता पाठवा."

डबी ओरडली, किंचाळली, घरघरली. पुण्याचा सर्व्हर भेटला. पण या खेपेला ती गप्प झाली नाही. खर्र, सूं, खर्र, सूं, भरल्या ऑफिसात ती बोलतच राहिली. मोडेमच्या पोटात एक छोटा भोंगा असतो. तो एरवी जोड झाली की बंद होतो. वैष्णवीनं तो कायमचा चालू ठेवला होता.

जोतीरामनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. तो खुर्चीत मागं टेकून बसला. टेबलाचा पाय धरायचं त्याला भान राहिलं नाही, आणि खुर्ची थोडी मागं गेली तेही त्याला कळलं नाही. आवाज थांबला तेव्हा पडद्यावर काम पूर्ण झाल्याची ओळ होती.

"पोचली," तो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"हा आवाज रोज होणार?" नागेशरावांनी विचारलं.

"रोज," वैष्णवी म्हणाली.

"एवढा वेळ?"

"फाइल जाईपर्यंत."

"कमी न्हाय का करता येत?"

"येतो की. मग खारतोडे फोन उचलतील."

 सोमवारी नागेशरावांनी आपलं टेबल उचलवून ऑफिसाबाहेर व्हरांड्यात नेलं. तिथं ऊन यायचं, वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर भरड्याचा धुरळा यायचा. पण डबीचा आवाज भिंतीपलीकडून जरा मवाळ लागायचा. पुण्याला वैष्णवीनं कळवलं की लोणी देवकरला माणसाची गरज नाही, तिथला माणूस चोख आहे. आपली बदली टाळायला तिनं हे कळवलं असलं तरी पुढची सगळी वर्षं ते खरं ठरलं.

त्या शुक्रवारी जोतीराम घरी गेला तेव्हा बानूबाई आणि म्हाळसा दोघी अंगणातच उभ्या होत्या.

"काय झालं?" म्हाळसानं विचारलं.

"खुर्ची ऱ्हायली."

"आन ती पुन्याची बाई काय म्हनली?"

"डबीचा आवाज वाढवून दिला. आता बसल्या जागी ऐकाय येतंय."

"एवढंच?"

"एवढंच. साहेबानला तेवढं भाईर बसावं लागनार."

म्हाळसानं त्याच्या छातीकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन त्याचं ताट केलं. बानूबाई मात्र अंगणातच थांबली. खंडोबाची फाइल पुण्याच्या बाईनं बंद करायला लावली, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. जोतीरामनं ते जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं, आणि मग सांगितलंच नाही.